निवडीच्या स्वातंत्र्याचा ताळेबंद

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील लॅन्सिंग या शहरी जनरल मोटर्स कंपनीचा एक कारखाना आहे. डिसेंबर २०२३ मध्ये या कारखान्यातून 'शेव्हर्ले कॅमारो' या मोटारीचा शेवटचा नग बाहेर पडला आणि त्याबरोबर एक जुना वाद, निदान नव्या मोटारींपुरता, संपुष्टात आला. 'फोर्डची मस्टँग घ्यावी की शेव्हर्लेची कॅमारो?' हा तो वाद. मधली काही वर्षे सोडली तर सत्तावन्न वर्षे तो अमेरिकेच्या घराघरांत, महाविद्यालयांच्या वसतिगृहांत आणि मोटारदुरुस्तीच्या दुकानांत रंगत राहिला. दोन्ही मोटारी ठेंगण्या, लांब नाकाच्या आणि दोन दारांच्या. अशा बांधणीच्या मोटारीला 'कूपे' म्हणतात. मागे बसणाऱ्याची सोय तीत नावापुरती असते. रूप आणि वेग हेच तिचे भांडवल.

जो शिक्षक बसच्या रांगेत उभा राहतो, जो कारकून स्कूटरच्या हप्त्यांचा हिशेब मांडतो, त्याला हा वाद श्रीमंत देशातील रिकामपणाचा उद्योग वाटणे साहजिक आहे. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने तो तसा नाही. 'ग्राहक हा राजा आहे' हे वचन पाठ्यपुस्तकांत वारंवार येते. हा राजा नेमके कशावर राज्य करतो, याची परीक्षा पाहण्यास या दोन मोटारींइतके चांगले उदाहरण क्वचित सापडेल. दोन तुल्यबळ विक्रेते, जवळजवळ सारखी किंमत, पैसे राखून असलेला ग्राहक आणि दीर्घ कालावधी, असे सगळे येथे एकत्र आले आहे. एवढ्या अनुकूल परिस्थितीत निवडीच्या स्वातंत्र्याने ग्राहकाला काय दिले आणि काय दिले नाही, याचा ताळेबंद आता मांडता येतो.

जन्म एका स्पर्धेचा

मस्टँग प्रथम लोकांपुढे आली ती १७ एप्रिल १९६४ रोजी, न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात. तिच्यामागे फोर्ड विभागाचे प्रमुख ली आयकोका यांचा एक साधा आडाखा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी त्या सुमारास अठरा वर्षांची होत होती. या पिढीला वडिलांची ऐसपैस मोटार नको होती, आणि खरी शर्यतीची मोटार तिला परवडणारी नव्हती. फोर्डने आपल्या 'फाल्कन' या साध्या, काटकसरी मोटारीचे बरेचसे भाग घेतले, त्यांवर देखणे कवच चढवले आणि किंमत ठेवली २,३६८ डॉलर. पहिल्या दिवशीच सुमारे २२ हजार मागण्या नोंदल्या गेल्या. पहिल्या वर्षात चार लाखांहून अधिक, आणि दोन वर्षे पुरी होण्याच्या आत दहा लाख मोटारी विकल्या गेल्या. आतील यंत्रणा बहुतांशी जुनीच होती. विकले गेले ते रूप, आणि त्या रूपाबरोबर येणारी तारुण्याची भावना.

जनरल मोटर्स ही त्या काळी जगातील सर्वांत मोठी मोटार कंपनी होती. तिला हे पाहून स्वस्थ बसणे शक्य नव्हते. सप्टेंबर १९६६ च्या अखेरीस तिने कॅमारो बाजारात आणली. कृती तीच होती. 'शेव्ही टू' या आपल्या साध्या मोटारीचा पाया घ्यायचा आणि त्यावर देखणे कवच चढवायचे. किंमत २,४६६ डॉलर, म्हणजे मस्टँगच्या मूळ किमतीहून शंभर डॉलरही अधिक नाही. कॅमारो म्हणजे काय, असे विचारणाऱ्यांना 'मस्टँग खाणारा एक लहानसा, हिंस्र प्राणी' असे उत्तर कंपनीची माणसे गमतीने देत. मस्टँग हे नाव मुळात अमेरिकेच्या माळरानावरील रानघोड्याचे असल्यामुळे ही थट्टा लोकांच्या चांगलीच लक्षात राहिली. १९६७ साली मस्टँग चार लाख सत्तर हजारांवर, तर कॅमारो दोन लाख वीस हजारांच्या आसपास खपली.

या स्पर्धेने ग्राहकाला काहीच दिले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रतिस्पर्धी समोर उभा असल्यामुळे दोन्ही कंपन्यांना किंमत आवाक्यात ठेवावी लागली. लहान इंजिनापासून शर्यतीच्या इंजिनापर्यंत, साध्या आसनापासून चामडी गादीपर्यंत, वाढीव सोयींच्या लांबलचक याद्या ग्राहकापुढे ठेवाव्या लागल्या. आणि येथे एका कायद्याचाही वाटा विसरता कामा नये. १९५८ साली अमेरिकेत असा कायदा झाला होता की, प्रत्येक नव्या मोटारीच्या खिडकीवर तिची कारखान्याने ठरवलेली किंमत आणि वाढीव सोयींचे दर छापील पत्रकावर चिकटवलेच पाहिजेत. त्यापूर्वी विक्रेता तोंडाला येईल ती किंमत सांगू शकत असे. मस्टँग आणि कॅमारो यांची किंमत शेजारी ठेवून पाहण्याची ग्राहकाची सोय बाजाराने आपण होऊन केलेली नव्हती. ती कायद्याने झाली होती.

दोन दुकाने, एकच चौक

हॅरॉल्ड हॉटेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९२९ साली 'इकॉनॉमिक जर्नल'मध्ये एक विचार मांडला, तो आजही वर्गात शिकवला जातो. एका लांब रस्त्यावर दोन दुकानदार आहेत अशी कल्पना करावी. गिऱ्हाइकांच्या दृष्टीने सोयीचे हे की दोघांनी रस्त्याच्या निरनिराळ्या भागांत दुकाने थाटावी. परंतु दुसऱ्याची गिऱ्हाइके ओढण्याच्या नादात दोघेही मध्याकडे सरकत जातात, आणि अखेर एकाच चौकात शेजारीशेजारी येऊन बसतात. रस्त्याच्या दोन्ही टोकांच्या लोकांची पायपीट मात्र कायम राहते. हॉटेलिंगने हा नियम मालाच्या गुणधर्मांना आणि राजकीय पक्षांच्या भूमिकांनाही लावून दाखवला होता.

मस्टँग आणि कॅमारो यांचे असेच झाले. याचा सर्वांत बोलका पुरावा १९६९ सालचा आहे. त्या वर्षी पाच लिटरच्या मर्यादेत होणाऱ्या 'ट्रान्स-अॅम' शर्यतींसाठी दोन्ही कंपन्यांच्या मोटारीचा एकेक खास नमुना रस्त्यावर होता. फोर्डचा 'बॉस ३०२' आणि शेव्हर्लेचा 'झेड २८'. दोन्ही इंजिने ३०२ घनइंचांची. आणि दोन्ही कंपन्यांनी आपल्या पत्रकांत छापलेली शक्तीही एकच, २९० अश्वशक्ती! तंत्रज्ञांचे मत असे की दोन्ही इंजिनांची खरी ताकद याहून जास्त होती. प्रचंड शक्तीच्या मोटारींवर विमा कंपन्या जबर हप्ता लावू लागल्या होत्या, म्हणून आकडा मुद्दाम खाली ठेवला जाई. म्हणजे ज्या एका गोष्टीवरून वसतिगृहांत रात्र रात्र भांडणे होत, त्या गोष्टीचा छापील आकडाही भरवशाचा नव्हता.

उलट दिशेचा दोषही होता. त्या काळी अमेरिकेत इंजिनाची शक्ती मोजताना ते मोटारीतून बाहेर काढून चौकटीवर बसवीत आणि मोटारीत त्याला जे जे ओढावे लागते ते सारे सोडवून ठेवीत. अशा 'ढोबळ' शक्तीचा आकडा जाहिरातीत झळके. १९७१ साली जनरल मोटर्सने ढोबळ आणि निव्वळ असे दोन्ही आकडे छापले, तेव्हा झेड २८ ची ढोबळ शक्ती ३३०, तर निव्वळ शक्ती २७५ निघाली. १९७२ च्या नमुन्यांपासून निव्वळ आकडा देण्याची पद्धत रूढ झाली. इंजिन तेच, मोजमाप बदलले, आणि पंचावन्न घोडे कागदावरून पळून गेले. पगाराचा 'एकूण' आकडा आणि हातात पडणारी रक्कम यांतील फरक ज्यांना दर महिन्याला जाणवतो, त्यांना ही गोष्ट अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

जे दिसत नाही त्याचा बाजार

आता ताळेबंदाच्या दुसऱ्या बाजूकडे वळावे लागते. १९६६ साली अमेरिकेच्या रस्त्यांवर सुमारे ५० हजार माणसे मोटार अपघातांत मेली. आदल्याच वर्षी राल्फ नेडर या तरुण वकिलाचे 'अनसेफ अॅट एनी स्पीड' हे पुस्तक प्रसिद्ध झाले होते. त्यातील पहिले प्रकरण शेव्हर्लेच्याच 'कॉर्व्हेअर' या मोटारीवर होते. जनरल मोटर्सने नेडर यांच्या मागावर खाजगी गुप्तहेर लावले. प्रकरण उघडकीस आले आणि मार्च १९६६ मध्ये कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या उपसमितीपुढे जाहीर माफी मागावी लागली. ९ सप्टेंबर १९६६ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी मोटार सुरक्षा कायद्यावर सही केली. कॅमारो बाजारात आली ती त्याच महिन्याच्या अखेरीस.

एकाच महिन्यात घडलेल्या या दोन घटनांकडे एकत्र पाहिले पाहिजे. एकीकडे जगातील दोन बलाढ्य कंपन्या ग्राहकाला खूष करण्यासाठी जिवाचे रान करीत होत्या; रंग, चाकांवरील तबकड्या, छपराचा उतार, इंजिनाचा आवाज यांपैकी कशातही कसूर होत नव्हती. दुसरीकडे त्याच ग्राहकाचा जीव वाचावा म्हणून संसदेला कायदा करावा लागत होता. स्पर्धा इतकी तीव्र होती, तर ती ग्राहकाच्या जिवासाठी का झाली नाही?

यावर कारखानदारांचे उत्तर ठरलेले असे, की ग्राहकालाच सुरक्षितता नको आहे. त्यासाठी ते १९५६ सालचा दाखला देत. त्या वर्षी फोर्डने मऊ अस्तराचा दर्शनी फलक, खोलगट सुकाणूचक्र आणि जादा किमतीत आसनपट्टे देऊन सुरक्षिततेची मोठी जाहिरात केली होती. त्या वर्षी खप मात्र शेव्हर्लेचा अधिक झाला. त्यावरून मोटारधंद्याने एक धडा घेतला आणि वर्षानुवर्षे तो जपला. सुरक्षितता विकली जात नाही, हा तो धडा.

हा धडा पुरता खोटा नव्हता, पण त्याचे कारण वेगळे होते. ते कारण १९७० साली जॉर्ज अॅकरलॉफ यांनी आपल्या प्रसिद्ध निबंधात स्पष्ट केले. पुढे २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. निबंधातील मुख्य उदाहरण जुन्या मोटारींच्या बाजाराचे आहे. चांगली जुनी मोटार आणि भिकार जुनी मोटार बाहेरून सारखीच दिसते. खरे काय ते फक्त विकणाऱ्याला माहीत असते. म्हणून घेणारा सरासरी किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगली मोटार विकणे मालकाला परवडत नाही, तो ती बाजारातून काढून घेतो. बाजारात भिकार माल उरतो आणि सरासरी आणखी घसरते.

नव्या मोटारीतील सुरक्षिततेला हाच न्याय लागू पडतो. छपराचा उतार दुकानात दिसतो. इंजिनाचा आवाज ऐकू येतो. किंमत खिडकीवर चिकटवलेली असते. परंतु समोरून धडक बसली असता सुकाणूचा दांडा छातीत घुसेल की आघात शोषून दुमडेल, हे कोणत्याही ग्राहकाला दुकानात तपासता येत नाही. जी कंपनी त्या दांड्यावर खर्च करील तिला तो खर्च ग्राहकाला पटवून देता येत नाही. आणि जे पटत नाही त्याचे पैसे मिळत नाहीत. स्पर्धा ग्राहकाला तेवढेच देते जेवढे त्याला ताडून पाहता येते. जे ताडता येत नाही त्या बाबतीत दोन विक्रेते असोत की दहा, ग्राहक एकाकीच असतो.

याचा पडताळा कॅमारोतच मिळतो. आघात शोषून घेणारा सुकाणूचा दांडा जनरल मोटर्सने १९६७ च्या नमुन्यांपासून बसवला, म्हणजे पहिल्या कॅमारोतही तो होता. परंतु अमेरिकन सरकार आपल्या खात्यांसाठी जी मोटारगाड्यांची प्रचंड खरेदी करते, तिला त्या वर्षापासून सुरक्षिततेच्या अटी लागू होणार हे अगोदरच जाहीर झाले होते, आणि असा दांडा ही त्यांतील एक अट होती. लाखो सुट्या ग्राहकांना जे मागता आले नव्हते, ते एका जाणत्या आणि मोठ्या ग्राहकाने मागितले. पुढे १ जानेवारी १९६८ पासून प्रत्येक नव्या मोटारीत आसनपट्टे कायद्यानेच सक्तीचे झाले. तेथून पुढे मस्टँग घेणारा आणि कॅमारो घेणारा, दोघेही त्या बाबतीत निर्धास्त झाले.

आकडा दिसला की निवड बदलते

ग्राहक मूळचाच उथळ असतो, असा निष्कर्ष मात्र काढता येणार नाही. १९७३ च्या अखेरीस अरब देशांनी तेलाची कोंडी केली आणि पेट्रोलपंपांपुढे रांगा लागल्या. फोर्डने त्याच सुमारास, मोठ्या आणि अवजड होत गेलेल्या मस्टँगच्या जागी, 'मस्टँग टू' ही लहान व कमी शक्तीची मोटार आणली होती. शर्यतीच्या शौकिनांनी तिची यथेच्छ टवाळी केली. तरीही १९७४ च्या नमुन्यांच्या वर्षात ती तीन लाख पंच्याऐंशी हजारांहून अधिक खपली. पेट्रोलचा दर पंपावरील आकड्यांत डोळ्यांना दिसत होता. तो दिसताच, कालपर्यंत अश्वशक्ती मोजणारा ग्राहक आज मैल मोजू लागला. १९७५ च्या ऊर्जा कायद्याने तर मोटार गॅलनमागे किती मैल धावते हेही नव्या मोटारीच्या खिडकीवर छापणे आवश्यक केले. किमतीच्या शेजारी आणखी एक आकडा आला.

येथे एक आक्षेप विचारात घेतलाच पाहिजे. सरकार असेच एकामागून एक नियम लादू लागले तर मोटारी महागतील, सगळ्या एकाच साच्याच्या होतील आणि निवडीचे स्वातंत्र्य केवळ नावाला उरेल. या आक्षेपात तथ्य आहे. ज्यांनी भारतातील परवाना पद्धतीचा काळ पाहिला आहे, त्यांना तर ते सांगायलाच नको. हिंदुस्थान मोटर्सची अॅम्बॅसडर आणि मुंबईत कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी, मुख्यतः या दोन मोटारींतून भारतीय ग्राहकाने वर्षानुवर्षे निवड केली. किती मोटारी बनवायच्या हे परवान्याने बांधलेले, आणि मोटार मिळण्यासाठी ग्राहक वर्षानुवर्षे रांगेत. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती रस्त्यावर येईपर्यंत दोघांनाही माल सुधारण्याची फारशी निकड भासली नाही. दोन नावे समोर असणे म्हणजे स्पर्धा असणे नव्हे.

परंतु नियम म्हणजे केवळ बंदी किंवा परवाना नव्हे. मोजून दाखवणे हाही एक उपाय आहे, आणि त्यात निवडीचा संकोच होत नाही. याचे उदाहरणही मस्टँगचेच आहे. उजव्या बाजूला सुकाणू असलेली मस्टँग २०१५ पासून कारखान्यातच बनू लागली आणि ती अनेक देशांत विकली जाऊ लागली. जानेवारी २०१७ मध्ये 'युरो एन्कॅप' या युरोपीय चाचणी संस्थेने तिची धडक-चाचणी घेतली. समोरील धडकेत हवेच्या पिशव्या पुरेशा फुगल्या नाहीत. मागे बसलेल्याचे शरीर आसनपट्ट्याखालून घसरले. आणि समोर अडथळा दिसताच आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा युरोपात विकल्या जाणाऱ्या मोटारीत नव्हती. पाचपैकी दोन तारे देऊन संस्था मोकळी झाली. संस्थेला मोटारीवर बंदी घालण्याचा अधिकार नव्हता. तिने कोणाला दंडही केला नाही. परंतु बातमी जगभर छापून आली, आणि त्याच वर्षी जुलैत सुधारलेल्या मस्टँगने तीन तारे मिळवले. तीन तारे ही काही मिरवण्यासारखी गोष्ट नव्हे. तथापि प्रतिस्पर्ध्याशी पन्नास वर्षे शर्यत करून जे घडले नाही, ते एका छापील आकड्याने सहा महिन्यांत घडवायला सुरुवात केली.

प्रतिस्पर्धी गेला तेव्हा

स्पर्धेचे मोल प्रतिस्पर्धी गेल्यावर कळते. १९७७ साली कॅमारोने खपात प्रथमच मस्टँगला मागे टाकले होते. तीच कॅमारो २००२ साली खप घसरल्यामुळे बंद पडली. पुढे फोर्डने २००५ च्या मस्टँगला साठच्या दशकातील रूप पुन्हा दिले, ती गाजली, आणि २००९ मध्ये जनरल मोटर्सलाही कॅमारो परत आणावी लागली. एकीच्या यशाने दुसरीला पुन्हा जिवंत केले. त्यानंतरच्या चौदा वर्षांत दोघींनी एकमेकींना पुष्कळ सुधारले. २०१६ च्या कॅमारोची वळणावरची पकड जाणकारांनी वाखाणली; मात्र रूपाच्या हौसेपायी तिच्या खिडक्या इतक्या अरुंद ठेवल्या होत्या की चालकाला आजूबाजूचे नीट दिसत नाही, ही तक्रार अखेरपर्यंत राहिली. मस्टँगमध्ये बाहेरचे दिसणे तुलनेने बरे होते. आज अमेरिकेत जुन्या मोटारींच्या बाजारात या दोहोंपैकी एक घेऊ पाहणाऱ्याने आवाजाला भुलण्यापूर्वी चालकाच्या आसनावर बसून एकदा मागे वळून पाहावे, आणि ज्या वर्षीची मोटार आहे त्या वर्षीच्या चाचणीचा निकाल वाचावा. एवढे केल्यावर जी आवडेल ती त्याने खुशाल घ्यावी.

या दोघींच्या भांडणात ज्या तिसऱ्याचा लाभ झाला, तो म्हणजे उंच, ऐसपैस कुटुंबमोटार. फोर्डने २०१८ साली अमेरिकेत बहुतेक सर्व बसक्या मोटारी बंद करून उंच मोटारींवर भर देण्याचे जाहीर केले. बसक्यांपैकी मस्टँग तेवढी जिवंत ठेवली. २०१९ साली विजेवर चालणाऱ्या एका उंच, चार दारांच्या मोटारीलाही फोर्डने मस्टँगचेच नाव दिले. 'ही की ती' या वादात गुंतलेल्या दोघांनाही तिसरा पर्याय उशिराच दिसतो, हे हॉटेलिंगच्या चौकाबाबतही खरे आहे.

या कथेचे धागे महाराष्ट्रापर्यंत पोचतात. पुण्याजवळ तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना होता. कंपनीने २०१७ च्या अखेरीस भारतात मोटारी विकणे थांबवले, डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचे उत्पादनही बंद केले, आणि पुढे २०२४ च्या जानेवारीत तो कारखाना ह्युंदाईच्या ताब्यात गेला. फोर्डने २०१६ साली सुमारे ६५ लाखांना मस्टँग भारतात आणली होती; २०२१ मध्ये त्या कंपनीनेही भारतातील मोटारनिर्मिती थांबवण्याचे जाहीर केले. विक्रेता आणखी किती वर्षे बाजारात राहील, हीदेखील दुकानात न दिसणारी गोष्ट आहे.

याहून महत्त्वाचा धागा तारांकनाचा आहे. जानेवारी २०१४ मध्ये भारतातील पाच लोकप्रिय लहान मोटारींच्या धडक-चाचण्यांचे निकाल 'ग्लोबल एन्कॅप'ने प्रसिद्ध केले. त्यांच्या साध्या नमुन्यांना एकही तारा मिळाला नव्हता. त्या मोटारी वेगवेगळ्या कंपन्यांच्या होत्या, त्यांच्यात चुरशीची स्पर्धा होती, आणि ग्राहक किंमत व पेट्रोलचा खर्च यांची काटेकोर तुलना करूनच त्या घेत होता. शून्य मात्र सगळ्यांनाच सारखे मिळाले होते. पाचच वर्षांच्या आत, डिसेंबर २०१८ मध्ये, टाटा नेक्सॉनने पाच तारे मिळवले आणि कंपनीने ते जाहिरातीत अभिमानाने झळकवले. सुरक्षितता विकली जात नाही, हा १९५६ सालचा धडा पुण्याजवळ रांजणगावला बनणाऱ्या या मोटारीने खोटा ठरवला. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारताचे स्वतःचे 'भारत एन्कॅप' तारांकन सुरू झाले. परंतु ते ऐच्छिक ठेवण्यात आले. ज्या कारखानदाराला आपला माल कच्चा आहे हे ठाऊक आहे, तो आपण होऊन परीक्षेला कशाला बसेल? २०२२ या एका वर्षात भारताच्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील फार थोड्यांनी कधी कूपे पाहिली असेल. बहुतेकांना आपल्या वाहनाबद्दल विचारण्याजोगा प्रश्न कोणी शिकवला नव्हता, आणि विचारला असता तर त्याचे छापील उत्तर मिळण्याची सोयही नव्हती.

मस्टँग आणि कॅमारो यांच्या सत्तावन्न वर्षांचा ताळेबंद असा निघतो. ग्राहकाने रूप मागितले, ते त्याला मिळाले. वेग मागितला, तोही मिळाला. किंमत आणि मैल त्याने पाहून घेतले, कारण ते खिडकीवर लिहिलेले होते. जीव वाचवण्याची हमी मात्र दोन विक्रेत्यांच्या चढाओढीतून आली नाही. ती कायद्यातून आणि चाचणीच्या आकड्यांतून आली. म्हणून पुढच्या वेळी दुकानात दोन चकाकत्या वस्तू शेजारीशेजारी ठेवलेल्या दिसतील, मग ती मोटार असो, स्कूटर असो की घरातली गॅसची शेगडी, तेव्हा 'ही की ती' एवढ्यावर ग्राहकाने थांबू नये. जो गुण दोन्ही विक्रेते बोलून दाखवीत नाहीत, त्याचा आकडा कोठे छापला आहे, हे त्याने आधी विचारावे. आणि तो कोठेच छापलेला नसेल, तर तो छापण्याची सक्ती व्हावी म्हणून ग्राहक संस्थांनी आणि लोकप्रतिनिधींनी सरकारला जाब विचारावा. भारत एन्कॅपचे तारांकन प्रत्येक नव्या मोटारीला सक्तीचे करणे, ही त्या दिशेने टाकण्याजोगी पहिली पायरी आहे.